सिन्योर ब्रुनो जे बोललेच नाहीत

दिवाळी अंकाच्या संपादकबाईंनी फोनवर विचारलं, "टोकियोत तुम्ही नक्की काय काम करत होतात?"

"इटालियन माणूस आणि जपानी माणूस यांच्या मधल्या खुर्चीवर बसत होते," मी म्हटलं.

मग बाई म्हणाल्या, "पण तुम्ही तर डोंबिवलीच्या ना?"

सव्वीस वर्षं मी हा प्रश्न वेगवेगळ्या रूपांत ऐकला आहे. इटालियन माणूस तो तोंडावर विचारतो आणि उत्तर मिळेपर्यंत मशीनबिशीन सगळं बाजूला ठेवतो. जपानी माणूस विचारत नाही. तो वाकून नमस्कार करतो, दोन्ही हातांनी कार्ड देतो आणि माझ्या खांद्यावरून हळूच मागे बघतो. खरी दुभाषी मागून येत असणार, ही बाई बहुधा तिची बॅग घेऊन पुढे आली असेल, असा त्याचा अंदाज. मग मीही एकदा मागे वळून बघायची. तिथे कोणी नाही हे दोघांनी मिळून पाहिलं की मीटिंग सुरू करायला बरं पडतं.

तर आधी खुलासा. लग्नाआधी मी अंधेरीला एका इटालियन मशीन कंपनीच्या ऑफिसात स्टेनो होते. साहेबाचं इंग्रजी असं होतं की डिक्टेशन घेण्यापेक्षा त्याची भाषा शिकणं मला सोपं गेलं. मग मिलिंदशी लग्न झालं, त्याला त्याच्या ट्रेडिंग कंपनीने तीन वर्षांसाठी टोकियोला पाठवलं, आणि ती तीन वर्षं अजून संपायची आहेत. जपानी मी वॉर्ड ऑफिसच्या फुकट वर्गात शिकले. पहिलं पाठ्यपुस्तक म्हणजे कचऱ्याचं वेळापत्रक. जळणारा कचरा कुठल्या वारी, न जळणारा कुठल्या वारी, बाटलीचं झाकण कुठे आणि बाटली कुठे. ते ज्याला समजलं त्याला पुढे कुठल्याही करारनाम्याची भीती वाटत नाही. दुभाषी पुरवणाऱ्या एजन्सीच्या ओकामोतो-सान पहिल्या मुलाखतीत म्हणाल्या, "इटालियन येणारी माणसं आहेत आमच्याकडे. वेळेवर येणारीही आहेत. दोन्ही गोष्टी एका माणसात सापडत नव्हत्या." मी दहा मिनिटं आधी पोचले होते. काम मिळालं. आडनाव लेले, जपानी जिभेला 'ल' जमत नाही, म्हणून त्या दिवशी मी जी 'रेरे-सान' झाले ती आजतागायत. 'सान' म्हणजे आपलं 'जी'.

लोक विचारतात, इटालियनच का? खरं सांगायचं तर जगात या भाषेला तसं कामधाम नाही. इटली, स्वित्झर्लंडचा एक कोपरा, आणखी दोनचार ठिपके, की संपलं. मराठी बोलणारे तिच्यापेक्षा जास्त आहेत. हे मी एकदा एका इटालियन इंजिनिअरला सांगितलं तर तो दुखावला आणि जेवणभर गप्प राहिला, जे त्याच्या देशात गंभीर आजाराचं लक्षण मानतात. इंग्रजी साहेबासारखी जगभर सह्या करत फिरते. इटालियनला कोणी कामावर ठेवत नाही. पण पाहुणी म्हणून घरात सगळे घेतात. आणि जपानमध्ये तर ही पाहुणी कायमची राहायला आली आहे. कॉफीच्या कपात ती, कपड्यांच्या दुकानावर ती, हॉटेलच्या मेन्यूत ती. टोकियोतल्या आमच्या तोयोसू भागात एक चाळीस मजली टॉवर आहे, त्याचं इटालियन नाव 'चिमुकलं घरटं'. एका इटालियन पाहुण्याला मी तो दाखवला. तो खाली उभा राहून, मान मागे टाकून वरपर्यंत बघत राहिला. मग म्हणाला, "पक्षी केवढा असेल?"

माझ्या घरातही ती मागच्या दाराने शिरली. आमची इरा, मराठीत विचारलं तर जपानीत उत्तर देणारी. तिच्या पियानोच्या क्लासात बाई जपानी, मुलं जपानी आणि सूचना मात्र सगळ्या इटालियन. ती आठ वर्षांची असताना मी एकदा डोंबिवलीला आईशी फोनवर बोलत होते. मराठी माणूस परदेशातून फोन करतो तेव्हा मधला समुद्र ओलांडायचाय हे धरूनच बोलतो. इराने दारातून डोकं आत घातलं आणि शांतपणे म्हणाली, "आई, पियानिस्सिमो." म्हणजे अगदी हळू आवाजात. जिच्या जिवावर घर चालत होतं ती भाषा माझ्यावरच उलटली.

गिऱ्हाइकं म्हणाल तर एकेक नमुने. हमादा-सान म्हणून बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते. अकरा वर्षं इटालियन शिकत होते, इटलीला मात्र कधी गेले नव्हते, विमानाची भीती. त्यांच्या ओळखीचं एक इटालियन जोडपं टोकियोला फिरायला येणार होतं. हमादा-साननी मला दिवसभरासाठी ठरवलं ते न बोलण्यासाठी. "मी बोलेन. तुम्ही फक्त शेजारी उभ्या राहा. मी बुडालो तरच हात द्या." तीन महिने त्यांनी पहिल्या वाक्याची तयारी केली होती. स्टेशनवर जोडपं आलं. हमादा-सान पुढे झाले, घसा साफ केला आणि इतकं सुंदर, घोटीव वाक्य बोलले की माझ्या अंगावर काटा आला. बाई हसली आणि इंग्रजीत म्हणाली, वा, आता आपण कुठे जायचं?

बिचारीला वाटलं आपण मदत करतोय. हमादा-सान माझ्याकडे बघायला लागले. ठरल्याप्रमाणे मला बोलायचं नव्हतं, पण मी त्या बाईच्या कानाशी लागून इटालियनमध्ये सांगितलं की हा माणूस या एका सकाळसाठी अकरा वर्षं जगलाय, कृपा करून आपल्या भाषेत बोला, आणि हळू बोला. ती भली बाई संध्याकाळपर्यंत बालवाडीच्या शिक्षिकेसारखी बोलली. हमादा-सान जाताना मला म्हणाले, "तुमची गरजच पडली नाही, नाही का?" मी म्हटलं, अजिबात नाही.

इथे आमच्या धंद्याची ओळख करून द्यायला हवी. दुभाष्याला दोन गोष्टी लागतात, एक वही आणि एक थंड डोकं. वहीशेजारी माझ्या पर्समध्ये वेलदोड्यांची डबीही असायची, बोलून घसा बसला की चघळायला. समोरचा चार मिनिटं बोलतो, तेवढ्यात तुम्ही वहीत बाण, गोळे, फुल्या काढता, आणि मग ते सगळं दुसऱ्या भाषेत परत उभं करता. तो चिडला तर तुम्ही चिडायचं नाही, पण तो चिडलाय हे कळवायचं. काही गाळायचं नाही. काही घालायचं नाही. ओकामोतो-साननी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "रेरे-सान, आपण पाण्याचा नळ. पाणी आपलं नसतं."

हा नियम मी सव्वीस वर्षांत किती पाळला? घरोघरी मातीच्या चुली. प्रत्येक दुभाषी थोडं मऊ करतो. इटालियन माणूस 'हा मूर्खपणा आहे' म्हणतो तेव्हा त्याला फक्त 'मला हे पटत नाही' एवढंच म्हणायचं असतं. ते जपानीत जसंच्या तसं ओतलं तर समोरची कंपनी तुमच्याशी परत कधी बोलणार नाही, आणि का बोलत नाही हेही सांगणार नाही. म्हणून मी कोपरे घासायची. आधी थोडे, मग सवयीने जास्त. डाळीला फोडणी देताना हात आपोआप चालतो तसं झालं होतं माझं. आपल्यामुळे किती भांडणं टळली याचा मला गर्वही होता. टळलेल्या भांडणांचं पुढे काय होतं, ते मला टोकियोशेजारच्या कावासाकीत कळलं.

कावासाकी स्टेशनपासून दहा मिनिटांवर मोरिता-सान यांचं मिठाईचं दुकान आहे. आजोबांपासून चालत आलेलं. जपानी मिठाई म्हणजे मुख्यतः लाल घेवड्यासारखे बारीक दाणे शिजवून, साखर घालून, आटवून केलेलं सारण. आपल्या पुरणाचं सख्खं मावसभावंड. आठ वर्षांपूर्वी मोरिता-सान यांचे वडील गेले. जुनी गिऱ्हाइकं म्हातारी झाली होती, तरुण पोरं कॉफी आणि केककडे वळली होती. म्हणून मोरिता-साननी शेवटचा प्रयत्न म्हणून एक इटालियन यंत्र आणलं, वडिलांच्या सारणाचं जेलातो करायला. जेलातो म्हणजे इटालियन आइस्क्रीम. आइस्क्रीम म्हटलेलं इटालियन माणसाला चालत नाही, पण आपल्यात चालेल. यंत्र बनवणारे सिन्योर ब्रुनो बोलोन्याजवळच्या एका गावचे. बोलणं तोफखान्यासारखं, मन लोण्यासारखं. पण लोणी दिसायला आधी तोफखाना ओलांडावा लागतो. यंत्र बसवल्यावर ते स्वतः बघायला आले आणि मध्ये मी.

स्टेशनवर मला घ्यायला मोरिता-सान स्वतः आले होते. चालता चालता समोर बघतच ते म्हणाले, "रेरे-सान, आज ब्रुनो-सान 'जमलं नाही' म्हणाले तर डिसेंबरात मी दुकान बंद करणार. घरी अजून बोललेलो नाही." हवापाण्याबद्दल बोलावं तसं ते हे बोलले. परक्या बाईला, जिला उद्या भेटायचं नाही, तिला माणूस असं सांगून टाकतो.

दुकानात तीन वाट्या आल्या. ब्रुनोंनी खाल्लं. मी खाल्लं, आणि माझा चमचा हातातच राहिला. होळीच्या दिवशी आई पाट्यावर पुरण वाटायची, आणि पाट्याच्या कडेला राहिलेलं बोटाने निपटून माझ्या तोंडात घालायची, ती चव. गार, दुधात मुरलेली, पण तीच. परदेशात राहिलेल्या कुणालाही विचारा, असलं काही अचानक तोंडात आलं की डोळ्यांना आवरायला सांगावं लागतं.

ब्रुनो म्हणाले, आणि हे मी वहीत चिन्हांत लिहूनही ठेवलं होतं: "घेवडा आमच्याकडे सूपमध्ये घालतात. पण ठीक आहे. यानं कुणी मरणार नाही."

मोरिता-सान गुडघ्यांवर हात ठेवून माझ्या तोंडाकडे बघत होते.

मी जपानीत म्हटलं, "तुमच्या वडिलांच्या हाताची चव यात उतरली आहे. ही बंद पडू देऊ नका."

नळाने स्वतःचं पाणी सोडलं.

मोरिता-सान उठले, ब्रुनोंसमोर कमरेत वाकले आणि बराच वेळ वर आलेच नाहीत. ब्रुनो मला म्हणाले, "काय झालं याला? मी तर काहीच बोललो नाही." मी म्हटलं, "जपानी लोक फार भावनाप्रधान असतात." पुढच्या भेटीत गेले तर भिंतीवर ते वाक्य. मोरिता-साननी स्वतः कुंचल्याने लिहून, चौकटीत घालून, खाली 'इटलीचे ब्रुनो' असं नाव घालून लावलेलं. गिऱ्हाइकं त्याचे फोटो काढत होती. इटालियन माणसाने आइस्क्रीमला नावाजलं म्हणजे काय थोडी गोष्ट झाली? दुकान चाललं. डिसेंबर आला आणि गेला. पुढचे सातही गेले. मी जेव्हा जेव्हा तिथे बसायची, चौकटीकडे पाठ करून बसायची.

आणि आठ वर्षं वर्षातून एकदा तोच खेळ. ब्रुनो ओरडायचे, "मिश्रण रात्रभर थंडीत विसावू दे, मग यंत्रात घाल, किती वेळा सांगू! हा माणूस खेचरासारखा हट्टी आहे!" मी सांगायची, "मोरिता-सान, तुमच्या पद्धतीबद्दल ब्रुनो-सानना आदर आहे. कधी सवड झाली तर मिश्रण थोडं विसावून बघा असं ते सुचवतात." मोरिता-सान नम्रपणे म्हणायचे, "ब्रुनो-सानना माझी पद्धत आवडली, आभारी आहे." आणि पद्धत तशीच ठेवायचे. जेलातो किंचित रवाळ राहायचं. ब्रुनो दरवर्षी आणखी चिडायचे, मोरिता-सान दरवर्षी आणखी कृतज्ञ व्हायचे, आणि मी घरी येऊन मिलिंदला सांगायची की आज मीटिंग छान झाली. तो म्हणायचा, "कुणाची?"

या वर्षी मी निवृत्त व्हायचं ठरवलं. कावासाकीची भेट शेवटची. मोरिता-सान यांची मुलगी युका-सान तोयोसूत एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. तिच्या टीममध्ये निम्मे पुण्याचे. मुलगी कामाची आणि मनाची सरळ. ती म्हणाली, "रेरे-सान पुढच्या वर्षी नसणार. मग आपलं कसं व्हायचं? म्हणून आज तालीम करू या." आणि तिने टेबलाच्या मधोमध फोन ठेवला. बोललेलं ऐकून भाषांतर मोठ्याने बोलून दाखवणारा. "रेरे-सान, तुम्ही नुसत्या बसा. आराम करा. चुकलं तर सांगा."

माझी पाचावर धारण बसली.

ब्रुनोंनी पहिला चमचा तोंडात घातला आणि सवयीने तोफ डागली. फोनने क्षणभर विचार केला, आणि रेल्वे स्टेशनवरच्या घोषणेच्या त्या गोड बाईच्या आवाजात जपानीत सांगितलं, "आठ वर्षं मी सांगत आहे. मिश्रण रात्रभर थंडीत ठेवा. हा माणूस खेचरासारखा हट्टी आहे."

युका-सान हसायला लागली आणि थांबली. मोरिता-सान फोनकडे बघत होते.

"आठ वर्षं?" ते म्हणाले. फोनने ते इटालियनमध्ये ब्रुनोंना विचारलं.

"आठ! दरवर्षी! विचार सिन्योरा लेलेंना!"

फोनने तेही सांगितलं. ब्रुनो आणि युका-सान माझ्याकडे बघायला लागले. मोरिता-सान मात्र माझ्याकडे बघत नव्हते. ते माझ्या मागच्या भिंतीकडे बघत होते. मी वळले नाही. तिथे काय आहे ते मला पाठ होतं.

मोरिता-साननी फोन उचलून तोंडाजवळ धरला आणि एकेक शब्द सुटा करत विचारलं, "ब्रुनो-सान, पहिल्या दिवशी तुम्ही म्हणालात, माझ्या वडिलांच्या हाताची चव यात उतरली आहे, ही बंद पडू देऊ नका. हे तुम्ही म्हणालात ना?"

फोनने विचारलं. ब्रुनोंनी ऐकलं. भुवया वर गेल्या. चौकटीकडे पाहिलं, तिच्याखालचं नाव युका-सानकडून वाचून घेतलं, आणि मग माझ्याकडे पाहिलं. त्यांना कळलं. तोफखाना असला तरी माणूस चलाख. एक 'हो' म्हटलं असतं तर सगळं निभावलं असतं, आणि ते तोंड उघडणारही होते. माझ्यासाठी खोटं बोलणार होते ते, मला स्वच्छ दिसलं.

पण आता मऊ करण्याची माझीच इच्छा संपली होती. मी म्हटलं, "मोरिता-सान, हे ब्रुनो-सान म्हणालेच नव्हते. मी म्हणाले."

"तुम्ही."

"ते म्हणाले होते, घेवडा सूपमध्ये घालतात, पण यानं कुणी मरणार नाही."

फोन हेही इमानाने ब्रुनोंना सांगत होता. ब्रुनोंनी कपाळाला हात लावला.

मोरिता-सान माझ्याशी आठ वर्षांत कधी आवाज चढवून बोलले नव्हते. तेव्हाही चढवला नाही. "या वाक्यासाठी मी दुकान चालवलं, रेरे-सान. पोरीचे कितीतरी रविवार घेतले. बायको म्हणत होती सोडून द्या, तिला मी हे दाखवायचो. इटलीहून आलेला माणूस असं म्हणतो, मग कसं सोडू?" मग म्हणाले, "माझ्या वडिलांना तुम्ही कधी भेटलात? त्यांच्या हाताची चव तुम्हाला काय ठाऊक?"

प्रश्न रास्त होता. मला फार लाज वाटली. इतकी वर्षं वाटलं होतं आपण एका माणसाचं भलं केलं. त्यांच्या आयुष्याचा एवढा मोठा निर्णय आपण परस्पर, दुसऱ्याच्या नावावर करून टाकला, हे तोवर मनातच आलं नव्हतं. डोंबिवलीच्या बाईने नावाजलं म्हणून कोणी चौकट केली नसती. तेच वाक्य इटालियनमधून आलं असं वाटलं म्हणून भिंतीवर चढलं. हेही मला तेव्हा ठाऊक होतं. माझं मत मी सिन्योर ब्रुनोंच्या कोटात गुंडाळून पुढे केलं होतं.

"नाही ठाऊक," मी म्हटलं. "पण आमच्याकडे डाळ शिजवून, गोड घालून, आटवून असंच करतात. त्याला पुरण म्हणतात. आई चमचा उभा करून बघायची. पडला नाही तर झालं. मी लहानपणापासून ते खातेय आणि चाळीस वर्षं करतेय. एखाद्यानं ते पुस्तक बघून केलंय की कुणाच्या तरी शेजारी उभं राहून शिकलाय, एवढं मला खाल्ल्यावर कळतं. तुम्ही शेजारी उभं राहून शिकला आहात. माझं म्हणणं एवढंच होतं. ते माझ्या नावानं सांगायला हवं होतं. नाही सांगितलं, कारण तुम्हाला माझं मत नको होतं, इटालियन माणसाचं हवं होतं."

फोन बोलत राहिला, कारण त्याला कुठे थांबायचं ते कळत नाही. त्याच्या तोंडून माझी आई, डाळ आणि चमचा ब्रुनोंच्या भाषेत गेले. ब्रुनोंनी हातातला चमचा खाली ठेवला.

मोरिता-साननी माझ्यासमोरची वाटी बोटाने माझ्याकडे सरकवली. "आज कसं झालंय?"

मी खाल्लं. सव्वीस वर्षांची सवय जिभेच्या टोकावर तयार उभी होती: छान आहे, नेहमीसारखंच. मी ती गिळली.

"गोड जास्त आहे," मी म्हटलं. "आठ वर्षांपूर्वी असं नव्हतं. आणि रवाळ आहे. ब्रुनो-सान खरं सांगतात."

फोनने इटालियनमध्ये सांगितलं आणि ब्रुनोंनी टेबलावर मूठ आपटली. "अखेर!"

मोरिता-सान माझ्यासमोरची वाटी उचलून आत निघून गेले. निरोप नाही, नमस्कार नाही. जपानी माणूस नमस्कार न करता खोलीतून जातो म्हणजे काय, ते इथे राहिलेल्यांना सांगायला नको. युका-सान खालमानेने म्हणाली, "सॉरी, रेरे-सान. तो फोन मी ठेवायला नको होता." मी पर्स उचलली. मी निघते, म्हटलं. तेवढ्यात आत भांडं गॅसवर ठेवल्याचा आवाज आला.

युका-सानने कान दिला. "सकाळी शिजवलेले दाणे काढलेत," ती म्हणाली. "साखर नव्याने घालतायत."

आम्ही तिघं बसलो. ब्रुनो मला हळूच म्हणाले, "सिन्योरा, आठ वर्षं मला वाटत होतं या माणसाला माझा राग कळतो आणि तरी तो इतका सभ्य राहतो. मी घरी बायकोला त्याचं उदाहरण द्यायचो." मी म्हटलं, "आता नका देऊ." ते खदखदून हसले, आणि मला रडू आलं ते आधी त्यांना हसूच वाटलं.

पाऊण तासाने मोरिता-सान बाहेर आले. हातात एकच वाटी. यंत्रात घातलेलं काही नाही, नुसतं सारण, वाफ निघणारं. इटलीहून आलेला पाहुणा म्हणून ब्रुनोंनी हात पुढे केला. मोरिता-सान त्यांच्या खुर्चीला वळसा घालून माझ्याकडे आले आणि वाटी माझ्यासमोर ठेवून उभे राहिले. फोन युका-सानने केव्हाच पिशवीत टाकला होता.

मी खाल्लं. साखर बरोबर होती. पोत बरोबर होता. मोरिता-सान वाट बघत होते, आणि ती वाट या वेळी मी काय म्हणते याची होती.

"चांगलं झालंय," मी म्हटलं. "पण अजून एक गोष्ट हवी."

त्यांच्या कपाळावर आठी आली. "कुठली?"

मी पर्समधून वेलदोड्यांची डबी काढली आणि त्यांच्या हातात दिली.